असेंब्ली लाइनच्या आधीची मॉडेल टी: गाडी म्हणून तिच्यात नवं काय होतं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: फोर्डच्या मॉडेल टीचं नाव निघालं की जो तो असेंब्ली लाइनबद्दलच बोलतो. मग गाडी म्हणून तिच्यात काही नवं होतं का, की स्वस्त होती म्हणून खपली? बेंझ आणि मर्सिडीजच्या पंगतीत तिला बसवायचं का? आणि येत्या व्हिंटेज रॅलीत एक मॉडेल टी येणार आहे, तर तिच्यात नेमकं काय बघायचं?

माझं काम जुन्या गाड्या उघडून पुन्हा चालत्या करण्याचं आहे, त्यामुळे माझं उत्तर बरंचसं गॅरेजमधूनच आलेलं आहे. असेंब्ली लाइनमुळे मॉडेल टी घडली असं बहुतेक लोक धरून चालतात. मला उलट वाटतं. गाडी तशी होती म्हणून ती लाइन उभी राहू शकली.

आधी एक कबूल करायला हवं. ‘नवं’ कशाला म्हणायचं यावर उत्तर थोडं बदलतं. सुटे सुटे भाग घेतले तर यातली जवळपास प्रत्येक कल्पना कुणी ना कुणी आधी वापरलेली सापडेल. तिची प्लॅनेटरी गिअरपेटी (मधल्या चाकाभोवती लहान दातेरी चाकं फिरणारी) इंग्लंडच्या लँचेस्टर गाडीत होती, अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या ‘कर्व्ह्ड डॅश’मध्ये होती, खुद्द फोर्डच्या आधीच्या मॉडेल एनमध्येही होती. एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसला पाहिजे, हे कॅडिलॅकने १९०८ मध्येच इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर जाहीरपणे करून दाखवलं होतं. तीन गाड्या पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले, पुन्हा जोडल्या आणि ५०० मैल चालवल्या. दुसरं असं की तुम्ही कोणत्या सालची मॉडेल टी बघताय त्यावरही पुष्कळ अवलंबून आहे. १९०८ ची पितळी दिव्यांची गाडी आणि १९२७ ची पोलादी बॉडीची गाडी शेजारी उभ्या केल्या तर नवख्या माणसाला त्या एकाच मॉडेलच्या वाटणार नाहीत. बॉनेट उघडल्यावर मात्र दोन्हीकडे तेच इंजिन दिसतं.

आता तारखा बघा, कारण निम्मा वाद तिथेच मिटतो. मॉडेल टी बाजारात आली १ ऑक्टोबर १९०८ ला. डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन, म्हणजे गाडी कामगारांसमोरून पुढे सरकत जोडली जाण्याची पद्धत, सुरू झाली १९१३ मध्ये. मधली पाच वर्षं ही गाडी एका जागी उभी करून, भोवती माणसं फिरत जोडली जात होती. तरीही पहिल्या वर्षातच दहा हजारांहून जास्त गाड्या गेल्या आणि १९१२ पर्यंत वर्षाची विक्री ७०,००० च्या आसपास पोचली होती. सुरुवातीला टूरर, म्हणजे दोन ओळींच्या बैठकीची उघडी गाडी, ८५० डॉलरला होती, १९१२ ला ती ७०० च्या आत आली. म्हणजे लोक रांगा लावत होते आणि किंमत उतरत होती ती सरकत्या पट्ट्याच्या आधीपासून. आणि ८५० डॉलर ही काही कुठल्याही शेतकऱ्याच्या खिशातली रक्कम नव्हती. त्याच काळात त्याहून स्वस्त गाड्या बाजारात होत्या, फोर्डची स्वतःची मॉडेल एन तर ५०० च्या घरात होती. तेव्हा ‘स्वस्त होती म्हणून खपली’ हे सुरुवातीच्या वर्षांना तरी लागू पडत नाही.

ही गाडी आखली गेली डेट्रॉइटच्या पिकेट अव्हेन्यूवरच्या तीन मजली विटांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या एका कुलूपबंद खोलीत. हेन्री फोर्ड कल्पना सांगायचा, हंगेरीहून आलेला जोसेफ गॅलँब फळ्यावर आणि कागदावर ती उतरवायचा, चाइल्ड हॅरॉल्ड विल्स धातूंचं बघायचा आणि ‘स्पायडर’ हफ विजेचं. मोजक्या माणसांनी केलेलं काम असल्यामुळे असेल, पण संपूर्ण गाडीत एकच विचार सलग दिसतो: ही गाडी चालवणारा माणूस याआधी कधी मोटारीत बसलेला नाही, त्याच्या गावात गॅरेज नाही आणि त्याच्या घरापासून बाजारापर्यंतचा रस्ता म्हणजे चिखल आहे.

त्या रस्त्यापासूनच सुरुवात करू. १९०८ च्या अमेरिकेत शहर संपलं की पक्का रस्ताही संपायचा. बैलगाडीच्या चाकोऱ्या पावसाळ्यात कशा होतात हे आपल्याला सांगायला नको, तिकडे घोडागाडीच्या चाकोऱ्या होत्या, इतकाच फरक. युरोपातल्या चांगल्या गाड्या या रस्त्यांवर वजनानेच रुतायच्या. त्यावर अनेकांचा उपाय असा की चासिस आणखी जाड करा. फोर्डने चासिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, लवचीक ठेवली. पुढे एक आणि मागे एक असे स्प्रिंगचे दोनच पाटे, तेही आडवे, एक्सलच्या समांतर. पुढचा एक्सल त्रिकोणी सळ्यांनी मागे इंजिनखालच्या एका गोलकात अडकवलेला. इंजिनही चासिसवर चार ठिकाणी आवळलेलं नाही, तीनच ठिकाणी टेकलेलं: पुढे एक, मागे दोन. परिणाम असा की डावं चाक खड्ड्यात आणि उजवं दगडावर गेलं तर चासिस पिळवटते, पण तो पीळ इंजिनच्या ब्लॉकपर्यंत पोचत नाही. तीन पायांचं स्टूल शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही, तेच तत्त्व. मी हे प्रत्यक्ष बघायला सांगतो: गाडीचं पुढचं एक चाक जॅकवर चांगलं वर उचला आणि बाजूला उभं राहून बघा. आजची मोटार अख्खी वाकडी होईल, ही कमरेत वळल्यासारखी वळते आणि बाकीची तीन चाकं जमीन सोडत नाहीत. १९११ मध्ये बेन नेव्हिसवर, म्हणजे ब्रिटनमधल्या सर्वांत उंच डोंगरावर, मॉडेल टी चढवली गेली. ती ताकदीवर गेली असं समजू नका. वीस अश्वशक्तीचं इंजिन ते. हलकं वजन, जमिनीपासूनची उंची आणि ही लवचीक ठेवण यांच्या जोरावर ती चढली.

वजन कमी ठेवता आलं ते व्हॅनेडियम पोलादामुळे. व्हॅनेडियमची अगदी थोडी मात्रा घातली की पोलाद तुटायला कितीतरी जास्त ताण लागतो. अमेरिकेत तेव्हा ते करणारी भट्टी सहज मिळत नव्हती. ओहायोतल्या कँटन गावातल्या एका लहान पोलाद कारखान्याला हाताशी धरून फोर्डने ते बनवून घेतलं. क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा), एक्सल, पाटे, गिअर अशा जिथे मार बसतो त्या जागी ते वापरलं. सुरुवातीची टूरर साधारण साडेपाचशे किलोची होती, हे आजच्या अगदी लहान मोटारीलाही जमत नाही. क्रँकशाफ्ट हातात घेतला की दर वेळी वाटतं, हा इतका बारीक दांडा चार सिलिंडरचं काम करतो! शंभर वर्षांनी मात्र त्यावर भरवसा टाकू नये. आमच्याकडे इंजिन आलं की आधी क्रँकला तडा आहे का ते चुंबकीय तपासणीने बघतो, मग पुढचं.

इंजिनबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते खरी क्रांती तिथे आहे. त्या काळात चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे बहुधा एकेक किंवा दोन-दोन सिलिंडर वेगळे ओतून क्रँककेसवर बोल्टने बसवलेले असायचे आणि सिलिंडरचं डोकं त्याच ओतकामाचा भाग असायचं, सुटं होत नसे. पेट्रोल निकृष्ट होतं, आत काजळी साठायची, व्हॉल्व्ह जळायचे. ते साफ करायचं तर सिलिंडरच उपसून काढावे लागत, आणि हे काम कारागिराचंच. मॉडेल टीमध्ये चारही सिलिंडर आणि क्रँककेसचा वरचा भाग एकाच ब्लॉकमध्ये ओतला आणि हेड वेगळं केलं. पंधरा बोल्ट काढले की हेड हातात येतं. काजळी खरवडा, व्हॉल्व्ह घासून बसवा, गॅस्केट नवी घाला, हेड ठेवा, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने आवळत जा. शेतावर नांगराची दुरुस्ती करणारा माणूस हे अर्ध्या दिवसात करू शकतो. आज आपल्या बहुतेक पेट्रोल-डिझेल मोटारींचं इंजिन असंच असतं, सिलिंडर एकत्र आणि हेड सुटं, त्यामुळे यात विशेष काय हे आपल्या लक्षात येत नाही. १९०८ मध्ये मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाडीत हे करणं धाडसाचं होतं. असं हेड गळणारच, असं तेव्हाच्या जाणत्यांना वाटायचं.

बाकी इंजिनमध्ये जे काढून टाकता येईल ते काढून टाकलेलं आहे. पहिल्या अडीच हजारांच्या आसपास गाड्यांना पाण्याचा पंप होता, पुढे तोही गेला. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरतं, तेवढ्यावर भागवलं. ऑइल पंप नाही, फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकाचं जड चाक) तेलात फिरतं आणि तेल उडवतं. पेट्रोलचा पंप नाही, सीटखालच्या टाकीतून ते आपल्या वजनाने कार्ब्युरेटरकडे येतं. याचा तोटाही सांगतो. टाकी अर्धीमुर्धी असताना उभा चढ आला की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जातो आणि इंजिन उपाशी पडतं. मग लोक गाडी वळवून चढ रिव्हर्समध्ये चढायचे. रिव्हर्सचा गिअर पहिल्यापेक्षाही जास्त ओढणारा आहे, त्यामुळे ते दुहेरी फायद्याचं होतं.

ठिणगीची व्यवस्था हफची. तेव्हा एक तर कोरड्या बॅटऱ्या लागत, ज्या संपायच्या, नाहीतर वेगळा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकांच्या फिरण्यातून वीज करणारं यंत्र, लागे, जो महाग. इथे फ्लायव्हीललाच सोळा चुंबक बसवले आणि समोर स्थिर कड्यावर सोळा कॉइल. इंजिन फिरतंय तोवर वीज तयार होते. ती वीज जाते चालकासमोरच्या लाकडी पेटीतल्या चार ट्रेंब्लर कॉइलकडे, म्हणजे थरथरत्या पत्तीने ठिणगीइतका दाब तयार करणाऱ्या कॉइलकडे, प्रत्येक सिलिंडरला एक. त्यांचा भुंग्यासारखा आवाज मॉडेल टीच्या माणसाला झोपेतही ओळखू येतो. आपल्या दमट हवेत सर्वांत आधी बिघडतात त्या याच कॉइल. लाकूड ओल धरतं आणि आतला जुना कागदी कंडेन्सर गळायला लागतो. गाडी धक्के देत चालत असेल तर कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी चारही कॉइल काढून एकेक तपासा. कंडेन्सर नवे घालून, चौघींचे पॉइंट सारख्या करंटवर, साधारण १.३ अँपिअरवर, बसवले की बहुतेक वेळा दुखणं तिथेच संपतं.

आता गिअर. यावर मी जास्त बोलतो, कारण आजच्या चालकाला सगळ्यात जास्त हीच गोष्ट चकवते. त्या काळच्या इतर गाड्यांत दातेरी चाकं एकमेकांत सरकवून गिअर बदलावा लागे. वेग जुळला नाही तर करकर आवाज येऊन दात तुटायचे. ते शिकायला महिने लागत, म्हणूनच श्रीमंत लोक शोफर ठेवत. मॉडेल टीच्या गिअरपेटीत दाते कायम एकमेकांत गुंतलेले असतात. तीन ड्रम आहेत, प्रत्येकाभोवती एक पट्टा. पेडल दाबलं की तो पट्टा ड्रमला आवळतो, ड्रम थांबतो आणि त्यानुसार गाडी हळू पुढे जाते, मागे जाते किंवा थांबते. दात तुटण्याचा प्रश्नच येत नाही.

पायाशी तीन पेडल, पण एकही आपल्या ओळखीचं नाही. डावं पेडल पूर्ण दाबलं की पहिला गिअर, अर्ध्यावर धरलं की न्यूट्रल, सोडून दिलं की टॉप. मात्र हाताचा दांडा पुढे टाकलेला हवा, मागे ओढला की न्यूट्रल आणि हँडब्रेक. मधलं पेडल रिव्हर्सचं. उजवं ब्रेकचं. अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नाहीच, स्टिअरिंगखाली उजवीकडे एक बारीक दांडी आहे, डावीकडची दांडी ठिणगी आधी-उशिरा करण्याची. नवशिक्याला हे एका दुपारी येतं. ज्याला आजची मोटार येते त्याला मात्र वेळ लागतो, कारण पायांची सवय आड येते. समोर गाय आली की आपला डावा पाय क्लच समजून जोरात खाली जातो, आणि ही गाडी पहिल्या गिअरमध्ये पुढे झेप घेते. म्हणून मी नवीन मालकाला पहिले काही दिवस मोकळ्या मैदानाबाहेर नेऊ देत नाही.

चिखलात रुतली की या गिअरपेटीची किंमत कळते. डाव्या पायाने पहिला, उजव्या पायाने रिव्हर्स, असं आलटूनपालटून दाबत राहिलं की गाडी झोपाळ्यागत पुढे-मागे डोलते आणि आपण होऊन बाहेर येते. दातेरी सरकत्या गिअरमध्ये इतक्या झटपट हे होऊच शकत नाही. पुढे अमेरिकन कंपन्यांनी ऑटोमॅटिक गिअर केले तेव्हा तीच प्लॅनेटरी रचना वापरली, फक्त पट्टे आवळण्याचं काम पायाऐवजी तेलाच्या दाबाकडे गेलं.

हँडल मारून ती कशी चालू करायची हेही इथेच सांगतो, कारण रॅलीत कुणीतरी तुम्हाला ‘मारून बघा’ म्हणणारच. हाताचा दांडा पूर्ण मागे आहे ना ते आधी बघा. ठिणगीची दांडी पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा. हे विसरलात तर हँडल उलटं फिरून मनगट मोडू शकतं आणि असे हात त्या काळात पुष्कळ मोडले. गॅसची, म्हणजे उजवीकडची अ‍ॅक्सिलरेटरची, दांडी थोडी खाली. रेडिएटरच्या बाजूला एक तारेची कडी असते, ती चोकची. स्विच बंद ठेवून ती ओढत दोन-तीन पाव फेरे द्या, पेट्रोल आत ओढलं जाईल. मग स्विच चालू. हँडल डाव्या हाताने धरा, अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीभोवती गुंडाळायचा नाही. खालून वर एकच झटका ओढा. वरून खाली दाबायचं कधीच नाही. सकाळच्या गारठ्यात क्लचच्या चकत्या तेलाने चिकटलेल्या असतात, इंजिन सुरू होताच गाडी अंगावर सरकू शकते. म्हणून चाकाला दगड लावल्याशिवाय समोर उभं राहू नये. विजेवरचा स्टार्टर १९१९ पासून मिळायला लागला, त्याआधी हे सगळ्यांनाच करावं लागे.

एवढं सांगितल्यावर असेंब्ली लाइनकडे वळतो. जिची पहिली सरकती लाइन झाली, तो भाग कोणता होता माहीत आहे? तोच फ्लायव्हील मॅग्नेटो. १९१३ च्या वसंतात हायलंड पार्कमध्ये एक कामगार एक मॅग्नेटो सुमारे वीस मिनिटांत जोडायचा. काम २९ तुकड्यांत वाटून मॅग्नेटो माणसांसमोरून सरकवला, तर वेळ तेरा मिनिटांवर आला. पट्ट्याची उंची बदलली, कामगारांचं वाकणं कमी झालं, सात मिनिटं झाली, पुढे पाच. मग इंजिन, मग अख्खी चासिस. साडेबारा तासांचं काम दीड तासाच्या आसपास आलं. आता विचार करा, वेगवेगळ्या ओतलेल्या सिलिंडरचं, हाताने घासून जुळवायचं इंजिन असं सरकवता आलं असतं का? एकच ब्लॉक होता म्हणून त्याला एका यंत्रात धरून चारही बाजूंनी एका दमात भोकं पाडता आली. भाग थोडे होते, घासकाम नव्हतं, एकच मॉडेल होतं, म्हणून ओळीत ठेवता आलं. लाइनवरच्या कामाने माणसं कंटाळून सोडून जायची, इतकी की जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर पगार जाहीर करावा लागला. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे त्यात शिरत नाही.

तर बेंझ आणि मर्सिडीजच्या पंगतीत तिला बसवायचं का? माझ्या मते हो, पण पान वेगळं. कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकीने दाखवलं की पेट्रोलच्या इंजिनवर गाडी चालते. फ्रान्समध्ये पानार ए लव्हासोरने १८९१ च्या सुमारास इंजिन पुढे, गिअरपेटी मागे आणि ताकद मागच्या चाकांना, ही मांडणी रूढ केली. विल्हेल्म मायबाखने आखलेल्या १९०१ च्या मर्सिडीजने लांब, ठेंगणी बैठक, दाबीव पोलादाची चासिस आणि मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर एकत्र आणून मोटारीला घोडागाडीच्या रूपातून बाहेर काढलं. मोटार काय असते हे त्या तिघींनी ठरवलं. मोटार कुणासाठी असते हे मॉडेल टीने ठरवलं. दुरुस्ती, चालवणं, रस्ता, किंमत, हे सगळं एका साध्या माणसाच्या बेताचं करायचं, ही तांत्रिक अडचण आहे आणि तिचं उत्तरही तांत्रिकच द्यावं लागतं, हे आधी इतक्या नेटाने कुणी केलं नव्हतं. १९९९ मध्ये जगभरच्या जाणकारांनी शतकातली मोटार म्हणून तिचीच निवड केली, ती मला योग्य वाटते.

तिचे दोष मात्र झाकू नयेत, विशेषतः तुम्ही कधी विकत घेण्याचा विचार करत असाल तर. मुख्य ब्रेक चाकांवर नाही, गिअरपेटीत आहे. मागच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या दातेरी पेटीत, मूळ व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूच्या चकत्या असतात. त्या वयाने भुगा होतात, पिनियन आणि क्राउन व्हील ही तिथली दोन दातेरी चाकं एकमेकांपासून सुटतात, आणि मग ब्रेकचं पेडल दाबून काही उपयोग नाही, उरतो फक्त कमकुवत हँडब्रेक. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मॉडेल टीचा मागचा एक्सल मी उघडतो आणि त्या चकत्या ब्राँझच्या घालतो. मालक ‘नीट चालतेय की’ म्हणाला तरी. मूळपणा जपण्याचा आग्रह मला पटतो, पण ही एक जागा त्याला अपवाद आहे.

आणि सर्वांत मोठा दोष गाडीचा नव्हे, तर ती बनवणाऱ्याचा. १९०८ मध्ये जी गाडी पुढे होती, ती १९२५ ला मागे पडलेली होती. शेवरलेसारख्या गाड्या तीन गिअर देत होत्या, बैठक आरामाची होती, लोकांच्या हातात पैसा आला होता आणि रस्तेही सुधारले होते. फोर्ड हटून बसला. २६ मे १९२७ ला दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि उत्पादन थांबलं. रनअबाउट या दोन माणसांच्या उघड्या गाडीची किंमत तोवर २६० डॉलरपर्यंत खाली येऊन गेली होती, म्हणजे शेवटच्या वर्षांत ‘स्वस्त म्हणून खपते’ हे तुमचं म्हणणं खरं झालं होतं. जाता जाता रंगाबद्दल: ती कायम काळीच होती हेही अर्धवट आहे. सुरुवातीच्या गाड्या लाल, हिरव्या, करड्या, निळ्या होत्या. सक्तीचा काळा रंग १९१४ पासून आला आणि १९२६ च्या मॉडेलपासून इतर रंग परतले. म्हणून १९१० च्या गाडीला काळा रंग दिलेला दिसला तर तो नंतरचा समजा.

आपल्याकडे दिसणाऱ्या मॉडेल टीबद्दल एक खास गोष्ट. अमेरिकन गाड्यांची स्टिअरिंग डावीकडे असते, ती पद्धत तिकडे रुळवण्यात मॉडेल टीचाच मोठा हात होता. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना मात्र उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या कॅनडातून, डेट्रॉइटसमोर नदीपलीकडच्या वॉकरव्हिलमधून यायच्या. हिंदुस्थानही त्यात होता. १९२६ मध्ये फोर्ड इंडिया कंपनी स्थापन झाली तीही कॅनडाच्या फोर्डची शाखा म्हणून.

त्यामुळे रॅलीत आधी ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाण्याची नळी जिथे शिरते त्याच्या वर कोरलेला इंजिन क्रमांक बघा. आधी ‘सी’ अक्षर असेल तर इंजिन कॅनडाचं. मग पुढची दारं. अमेरिकन टूररला १९२५ पर्यंत चालकाच्या बाजूला उघडणारं दार नसायचं, नुसती दाराची रेघ असे. कॅनेडियन टूररची दोन्ही पुढची दारं उघडतात. रेडिएटर पितळी असेल तर गाडी १९१६ किंवा त्याआधीची, काळा असेल तर त्यानंतरची. निदान कारखान्यातून तरी तशी निघालेली. पाण्याचा पंप दिसला तर तो बहुधा नंतर कुणीतरी बसवलेला आहे, त्याबद्दल मालकाला जरूर विचारा. गाडीखाली वाकून पुढचा आडवा पाटा आणि त्रिकोणी सळ्यांचा गोलक बघायला विसरू नका. आणि मालक भला असेल तर इंजिन बंद असताना, दांडा मागे ठेवून आणि हँडलजवळ कुणी नसताना, त्याला स्विच बॅटरीवर टाकायला सांगा. कॉइल घुमली, आणि एखाद्या सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण दाबलेलं राहिलं असेल, तर हँडलला हातही न लावता इंजिन चालू होईल. असं झालं तर त्या मालकाने कॉइल आणि पिस्टनच्या रिंग नीट राखल्या आहेत असं समजा आणि मागच्या एक्सलच्या चकत्या बदलल्या आहेत का, तेवढं त्याला विचारून घ्या.